लाखोळीचं पहिलं पाणी

मीराबाई गजभियेनं आधी आवाज ऐकला, पाय नंतर पाहिले. ती ओट्याशी भिजलेली डाळ उपसत होती आणि तिचा मुलगा प्रीतम मैदानावर धावून घरी परतत होता. दारातल्या फरशीवर त्याच्या बुटाचं टोक घासलं. खर्र. एक पाऊल धड पडलं, मग पुन्हा खर्र. मीराबाईच्या हातातली चाळणी हातातच राहिली. हा आवाज तिनं लहानपणी रोज ऐकला होता. आता तो तिच्या स्वतःच्या घरात, पोटच्या पोराच्या पायांतून येत होता.

“काय झालं गा पायाले?” तिनं विचारलं.

“कुठं काय? पिंडऱ्या कडक झाल्या. रनिंग जास्त होऊन राहिली ना,” असं म्हणत प्रीतमनं बूट काढले आणि तो आत गेला.

पोलीस भरतीची तयारी करणारा चोवीस वर्षांचा पोरगा, पिंडऱ्या दुखणारच. दुसरी कुणी आई असती तर तेल कोमट करून देऊन मोकळी झाली असती. मीराबाई दाराशी गेली, तिनं बूट उचलला आणि उलटा केला. टाच जवळजवळ नवी होती. टोक मात्र झिजून आतलं कापड दिसत होतं. तिनं बूट पटकन खाली ठेवला आणि चोरी केल्यासारखं मागं वळून पाहिलं. पाहायला होतं कोण? नवरा प्रेमानंद कोराडीला ठेकेदाराकडे कामाला, तो पहाटेच्या बसनं केव्हाच गेलेला.

इथं थोडं लाखोळीविषयी सांगायला हवं, कारण मीराबाईचा सगळा संसार या एका डाळीवर उभा होता. धान अजून शेतात उभं असतानाच बांधीतल्या ओल्या चिखलात लाखोळीचं बी फेकून द्यायचं. नांगरट नको, खत नको, राखण नको. थंडीत कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, उरलेली वाळवून उन्हाळ्याला ठेवायची, आणि शेवटी डाळ हाती येते ती वेगळीच. शहरातली माणसं तुरीचा भाव ऐकून कपाळाला हात लावतात. ही त्याहून कितीतरी स्वस्तात पोटाला तेवढाच आधार देते. मधे बरीच वर्षं तिच्या विक्रीवर बंदी होती. पण बंदी घालणारे काही गरिबाच्या ताटात तूर वाढायला आले नव्हते, तेव्हा खाणाऱ्यांनी खाणं सोडलं नाही.

पारशिवनीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन मीराबाई नागपुरात इंदोऱ्याला आली. प्रेमानंदचं काम कधी लागायचं, कधी सुटायचं. म्हणून तिनं सदरमध्ये, कचेऱ्यांच्या गल्लीत ठेला लावला. भातावर लाखोळीचे वडे कुस्करायचे, वरून हिंग आणि लाल मिरचीच्या फोडणीचं तेल, बाजूला कढी. दुपारी बाबू लोक ताटल्या हातात घेऊन उन्हात उभे राहत. घरावर स्लॅब पडला तो या वड्यांवर. लग्नानंतर किती वर्षांनी झालेला एकुलता एक प्रीतम शिकला तोही यावरच. आणि कढईपुढं उभी राहिली की मीराबाईच्या जिभेला हाड राहत नसे.

“खाऊन तं पाहा साहेब! मटनाले मागं टाकते हे डाळ. गावाकडं बैलाले देते, तं भरली बंडी एकटा वढून नेते!”

यात खोटं काही नव्हतं. डाळ ताकदीचीच. पण तिच्या ताकदीला जोडून जे सांगायला हवं, ते मीराबाई कुणालाच सांगत नसे. रोज संध्याकाळी ती डाळ कढत पाण्यात भिजवी, ते पाणी मोरीत ओती, दुसरं घाली, तेही ओती, आणि सकाळी चोळून चोळून धुऊन मगच वाटे. तिच्या मायनं शिकवलं होतं, “पयलं पानी कुत्र्यालेही नोको देऊ.” का, ते मायनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, बाप समोरच बसलेला असे.

बापाचं नाव दादाजी. छप्पन साली, तरणाबांड असताना, तो पारशिवनीकडून चालत नागपूरला आला होता, धम्मदीक्षा घ्यायला. पायांना फोड आले, फोड फुटले, तरी गडी थांबला नाही. ही चाल त्यानं मीराबाईला इतक्यांदा सांगितली की वाटेतल्या विहिरीसुद्धा तिला पाठ झाल्या. बहात्तरच्या दुष्काळाचं मात्र त्यानं कधी तोंडातून काढलं नाही. ते तिनं परकरात असताना डोळ्यांनी पाहिलं. त्या साली धान बुडालं. मालकाच्या कोठीत लाखोळी तेवढी होती आणि मजुरी म्हणून तीच मापून मिळे. सकाळी तिचा घाटा, संध्याकाळी तिचीच भाकर, महिनोन्महिने. भिजवून पाणी फेकायचं म्हणावं, तर प्यायला पाणी नव्हतं. घरातला मोठा घास दादाजीच्या ताटात जाई, कारण उन्हात कुदळ त्याला मारायची होती. मिरगाच्या आतच त्याचे गुडघे अवघडले. पाय एकमेकांत अडकू लागले. मग तो काठी टेकत, चवड्यांवर, टोकं घासत चालू लागला. नागपूरपर्यंत पायी गेलेल्या माणसाला आता अंगण ओलांडायला बायकोचा खांदा लागे.

कुणी विचारलं की दादाजी म्हणे, “बंडीवरून पडलो जी.” बैलाचं खाणं मजुरीत घ्यावं लागलं, हे त्याच्यानं बोलवत नसे. जुनी लाचारी दीक्षा घेतलेल्या घरात पुन्हा उच्चारायची नाही, असा त्याचा हट्ट. मीराबाईनंही तो पाळला. प्रीतमला तिनं आजोबांची छप्पनची चाल हजारदा सांगितली. आणि आजोबांच्या पायांचं त्यानं विचारलं की म्हणे, बंडीवरून पडले.

बूट पाहिला त्या दिवशी सदरमध्ये तिनं वडे तळले ते जीव मुठीत धरून. गिऱ्हाइकांची तोंडं पाहायचं सोडून ती त्यांचे पाय पाहत होती. एखाद्या दिवशी घाईत दुसरं पाणी टाकायचं राहिलं असेल का? पोराला माझ्या हातचं भोवलं असेल, तर या सगळ्यांना का सोडेल? इतकी वर्षं मी लोकांना काय खाऊ घालून राहिली?

तेवढ्यात मधुसूदन देशकर आले. समोरच्या कचेरीतले मोठे बाबू, तिचं फार जुनं गिऱ्हाईक. ते लंगडत होते.

“साहेब, पायाले काय झालं जी?”

“अहो, नवे बूट! मुलीनं ऑनलाइन मागवले, एक नंबर लहान निघाले. चावतात मेले.” देशकर हसले. मीराबाईला हसू आलं नाही. तिच्या हातातलं फोडणीचं तेल हिंदकळून ताटलीबाहेर सांडलं, आणि बाबूंनी रुमालानं बाही पुसत तिच्याकडं नवलानं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं लाखोळी बंद केली. चण्याची डाळ आणि बरबटी, म्हणजे चवळी, घालून वडे केले. ते ना खमंग झाले ना खुसखुशीत. गिऱ्हाइकं म्हणाली, बाई, हात बिघडला तुमचा. देशकर तर चक्क ताटली अर्धी ठेवून गेले. मीराबाईनं ऐकून घेतलं. घरात लाखोळीचं पोतं अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. तिनं ते दोनदा उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं आणि दोनदा परत आणलं. जिनं बहात्तर साल पाहिलं तिच्यानं धान्य उकिरड्यावर टाकवतं होय! शेवटी तोंडाला सुतळी बांधून तिनं ते प्रीतमच्या खोलीत पलंगाखाली सरकवलं.

आता पोराचे पाय सुधारतील म्हणून ती डोळे लावून बसली. सुधारले नाहीत. प्रीतम आता उठताना भिंतीचा आधार घेई. जिन्यावर दोनदा अडखळला. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी तिनं मुद्दाम करून पुढं ठेवली, तर म्हणाला, “माहं डायट चालू आहे वं आई. भात, भाकर सगळं बंद. माहं माहं खातो मी.”

“दवाखान्यात तं चल.”

“ग्राउंड होऊन जाऊ दे. सोळाशे मीटर निघालं की मंग कुठंही चाल.”

मीराबाईनं पुन्हा आग्रह केला नाही. का केला नाही, ते तिचं तिला ठाऊक होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. डॉक्टर विचारणार, घरात काय खाता? मग काय सांगायचं? प्रेमानंदला सांगावं, तर तो त्याच पावली जाऊन ठेला उलटा करून आला असता. ती गप्प राहिली. दिवसभर तळताना आणि घरी आल्यावर भांडी घासताना तिचे कान त्या आवाजाकडं लागलेले असत, आणि तो रोज थोडा लांबत होता.

मग एक दिवस झाडताना तिचा झाडू पोत्याला लागला आणि पोतं हललं. भरलेलं पोतं झाडूनं हलत नाही. तिनं वाकून पाहिलं. सुतळीची गाठ तिची नव्हती. डाळ पोत्याच्या तळाशी गेली होती. उंदीर गाठ सोडत नाही आणि परत बांधतही नाही. मीराबाई तिथंच फरशीवर बसली. प्रीतमला हाक मारून विचारायचं तिनं टाळलं. उत्तर काय येणार ते तिला आधीच कळून चुकलं होतं. त्या दिवशी ती ठेल्यावर गेली खरी, पण हात चालेना. न विकलेले वडे तसेच डब्यात भरून ती भर दुपारी घरी परतली.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. भाजलेल्या लाखोळीचा. आत मिक्सर फिरत होता. ओट्यावर पिठाचा डबा होता, आणि प्रीतम एका मोठ्या बाटलीत पीठ आणि पाणी घालून ती खळखळ हलवत होता.

“काय करून राहिला गा?”

“प्रोटीन वं आई!” तो खुशीत होता. “दुकानातला डब्बा घ्यायले गेलो तं केवढ्याले पडते माहीत आहे? आन् हे घरात पडून आहे. तूच तं म्हणते ना, मटनाले मागं टाकते, बैल बंडी वढून नेते.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. सकाळी दोन बाटल्या, संध्याकाळी दोन. दुसरं काही लागतच नाही.”

“भिजवली होती? पाणी टाकलं होतं?”

“भिजवून कायले? तू ते पाणी फेकते तं मले लय वाईट वाटे. सगळी ताकद मोरीत जाते ना त्याच्यासोबत!”

मीराबाईनं बाटली त्याच्या हातातून हिसकली आणि मोरीत आपटली. पीठ भिंतीवर उडालं. प्रीतम चिडला, काही बोलणार होता, पण आईचं तोंड पाहून थांबला.

“तुहा आजोबा बंडीवरून नव्हता पडला,” ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. मालकाची कोठी, मजुरीतलं माप, कोरडी विहीर, चवड्यांवर चालणारा बाप. पन्नास वर्षं दाबलेलं ते, एकदा सुटल्यावर थांबेना. प्रीतम खाली बसून ऐकत होता. तिचं बोलणं संपलं तेव्हा तो उठायला गेला. गुडघे वळेनात. त्यानं ओट्याची कड धरली, पुन्हा जोर केला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

“मले आधी काहून नाही सांगतलं, आई?” त्यानं विचारलं.

मीराबाई मोरीजवळ बसून भिंतीवरचं पीठ पुसत राहिली.

प्रेमानंदनं कामावर खाडा केला आणि तिघं सरकारी दवाखान्यात गेली. तो बाहेर बाकावर बसला, मायलेक आत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी प्रीतमला चालायला लावलं, हातोडीनं गुडघे ठोकले, पाऊल वर ढकललं तर ते थाडथाड उडू लागलं. मीराबाईनं डोळे मिटले.

“ही डाळ कधीमधी, भिजवून, पाणी काढून, बाकीच्या जेवणाबरोबर खाल्ली तर एवढी भीती नसते,” बाई म्हणाल्या. “यानं पोट भरायलाच ती खाल्ली, महिनोन्महिने, आणि वर एवढी धावपळ. आता पूर्ण बंद. आहे तिथं थांबेल अशी आशा ठेवू. गेलं ते सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही.”

“भरतीचं?” प्रीतमनं विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग कागदावर लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, “तुला हे खायला सांगितलं कुणी?”

प्रीतमनं आईकडं पाहिलं नाही. “कोणी नाही मॅडम. मोबाइलवर पाहिलं होतं,” तो म्हणाला.

पोरगा मीराबाईला पाठीशी घालत होता. हुबेहूब तिच्या बापासारखा, ‘बंडीवरून पडलो जी’ म्हणत असल्यासारखा.

“नाही जी,” ती मोठ्यानं म्हणाली. “मोबाइल नाही आन् काही नाही. मी सांगतलं. रोज ठेल्यावर ओरडून सांगो. ताकद आहे म्हणो, आन् पाणी काहून फेकतो ते नाही सांगतलं. लिहून घ्या.”

बाईंनी ते लिहून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “घरात आणखी कुणी खात होतं का हे पीठ?”

“घरात नाही,” प्रीतम म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम खाली गेला. “ग्राउंडवर देत होतो. सौरवले आन् अखीन दोघाले. डब्ब्यात भरून.”

मीराबाईला वाटलं होतं, भ्यायचं तेवढं आपलं भिऊन झालं. तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ती प्रीतमला घेऊन मैदानावर गेली. पोट्टे अंगातून वाफा काढत चकरा मारत होते. प्रीतमनं हाक मारली तसे तिघं जवळ आले. एकाच्या हातात तसलीच बाटली होती, तसंच पिवळट पाणी. मीराबाईनं ती मागून घेतली आणि मातीत रिकामी केली.

“काहून सांडलं वं मावशी?” तो पोरगा म्हणाला.

तिनं दादाजीचं सांगायला सुरुवात केली. ती पोरं ऐकत होती, पण पाय जागच्या जागी उडवत, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत. म्हातारी बाई, जुन्या काळचं काहीतरी सांगते आहे. सौरव तर हसला. “बहात्तरमधी काहीच भेटत नव्हतं ना मावशी. आता तसं कुठं आहे?”

मीराबाई बोलायची थांबली. तिनं प्रीतमकडं पाहिलं. जे करायचं ते तिला कळलं, आणि ते करताना तिचा जीव तुटत होता.

“जाय गा,” ती म्हणाली. “त्या खांबालोक जाऊन ये. काही धरू नोको.”

“आई...”

“जाय म्हणतो ना. पाहू दे या पोरायले.”

प्रीतम निघाला. ज्या मातीवर तो दिवाळीत सगळ्यांच्या पुढं पळत होता, तिच्यावरून तो चवडे घासत, गुडघे एकमेकांना लागत, दोन्ही हात पसरून तोल सावरत चालला. मागं मातीत दोन रेघा उमटत गेल्या. पोरं पाय उडवायची थांबली. खांबापाशी तो वळताना पडता पडता वाचला, आणि मीराबाई पदर तोंडात धरून जागची हलली नाही. तो परत येईपर्यंत नुसता तो आवाज येत होता.

सौरव हळूच खाली बसला. त्यानं उजव्या पायातला बूट काढला आणि उलटा करून त्याचं टोक पाहू लागला.